चोवीस बिटांची टाकी

संशय हा रोग आहे, असं माझी बायको समिधा म्हणते. मी म्हणतो, संशय हे इंद्रिय आहे, नाकासारखं. ज्यांना ते नसतं त्यांना वास येत नाही, एवढंच. मी एसटीत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी पुरी केली. रस्त्यात गाडी थांबवून आत चढलं की झोपलेल्या प्रवाशांतला कोण खरा झोपलाय आणि कोण तिकिटापुरता झोपलाय, हे मला नुसत्या घोरण्यावरून कळायचं. माणूस निवृत्त होतो, पण हे इंद्रिय काही निवृत्त होत नाही. ते घरातल्या घरात चालू राहतं आणि मग बायको म्हणते, "अहो, दूधवाल्याकडे असं रोखून बघू नका. घाबरून तो माप चुकतो."

अशा माणसाला हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी करू नये. पण दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून मला केलं. आमची 'हिरवाई' सोसायटी नेरळहून पोशीरला जाताना लागते. तीन मजले, फिका पिस्ता रंग. खरी हिरवाई इमारत बांधायच्या आधी होती. तेव्हा इथे मालोजींचं भाताचं शेत होतं. मालोजींनी बिल्डरला जमीन दिली, बिल्डरने त्यांना तळमजल्यावर फ्लॅट दिला, आणि मागची विहीर व तिच्या कडेचा वालाचा तुकडा मालोजींनी स्वतःकडे ठेवला. म्हातारा कमी बोलणारा. जिन्यात भेटला तर "बरं हाय ना?" एवढं विचारून उत्तराची वाट न बघता पुढे जाणारा. कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल माझं आधीपासून मत वाईट आहे. ज्याच्याकडे तिकीट असतं तो भरपूर बोलतो.

माझं घर दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या गॅलरीला लागून एक काळा पाइप जातो, वर गच्चीकडे आणि खाली मालोजींच्या विहिरीकडे. इमारतीच्या पहिल्या वर्षापासून तो तिथे आहे आणि मी त्याच्यावर पायपुसणी वाळत घालत आलो आहे. पौषातल्या एका पहाटे पायपुसणं काढायला गेलो तर पाइप हाताला थरथरता लागला आणि आतून गुळगुळ असा आवाज आला. त्याच वेळी खाली मालोजींची मोटर घरघरत होती. मी पाइपला कान लावला. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी ते पाहिलं आणि संध्याकाळी त्यांनी समिधाकडे माझ्या तब्येतीची चौकशी केली, तो भाग वेगळा. पण माझ्या डोक्यात हिशेब जुळला होता. टाकी वर. पाइप खाली जातो. मोटर चालू. आणि विहिरीच्या कडेला वाल हिरवागार! मालोजी आमच्या टाकीतलं पाणी ओढून वालाला पाजत होते.

"विचारून टाका ना त्यांना," समिधा म्हणाली.

चोराला विचारून चोरी कळली असती तर एसटीने तपासनीस नेमलेच नसते. मी तिसऱ्या मजल्यावरच्या मोहियुद्दीनभाईंकडे गेलो. मोहियुद्दीनभाई आमचे खजिनदार, नेरळात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. माणूस माझ्याइतकाच संशयी, पण दुकानदारीमुळे गोड दिसतो.

"साईनाथभाई," ते आवाज खाली आणून म्हणाले, "बिना सबूत तोंड उघडू नका. म्हातारा जागेवाला आहे. टाकीत मशीन लावा. लिटर लिटर पकडा त्याला."

"तुम्ही एकदा गच्चीवर येऊन पाइप बघता का?"

"गुडघे, भाई, गुडघे," ते म्हणाले. आणि कमरजहाँभाभींनी चहा आणला, त्यामुळे गच्ची राहून गेली. मीसुद्धा गच्चीवर गेलो नाही, हे इथेच सांगून टाकतो. पुरावा गोळा करायच्या आधी घटनास्थळी जाऊन मन कलुषित करून घेऊ नये, असं माझं तेव्हा मत होतं.

आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये हर्षला राहते. कर्जतकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिला म्हटलं, टाकीतलं पाणी अचूक मोजायचंय. ती म्हणाली, "काका, टाकीला बाहेरून एक पारदर्शक नळी लावा आणि तिच्यावर पेनने खुणा करा. झालं."

मला हे उत्तर अपमानास्पद वाटलं. पेनच्या खुणेने कुठे चोर सापडतो? माझा चेहरा पाहून तिने दुसरा उपाय सांगितला. टाकीच्या तळाशी पाण्याचा दाब ओळखणारा बटणाएवढा सेन्सर ठेवायचा. त्यातून बारीकशी वीज येते, तिचं आकड्यात रूपांतर करणारी एक डबी मिळते, तिचं नाव डेल्टा-सिग्मा कन्व्हर्टर. दहा बिटांपासून चोवीस बिटांपर्यंत मिळतात.

"सगळ्यात मोठी कुठली?"

"काका, आधी ऐका. बिट म्हणजे शिडीच्या पायऱ्या समजा. दहा बिट म्हणजे हजारभर पायऱ्या. चोवीस बिट म्हणजे दीड कोटीच्या वर. पण शिडीच थरथरत असेल तर आपण कितव्या पायरीवर उभे आहोत ते कळणार कसं? त्या थरथरीला नॉइज म्हणतात आणि पाण्याच्या खऱ्या पातळीला सिग्नल. खरं किती आणि थरथर किती, ते प्रमाण आधी बघायचं. पायऱ्यांचं नंतर."

"पण पायऱ्या जास्त असलेल्या वाईट नाहीत ना?"

"वाईट नाहीत, पण—"

"मग चोवीस," मी म्हणालो. दहा हजार लिटरची टाकी आणि दीड कोटी पायऱ्या. म्हणजे कोणी टाकीतून तीर्थाएवढं पाणी घेतलं तरी मला घरबसल्या कळणार. आयुष्यभर बसमध्ये चढून तिकिटं बघितली, त्या माणसाला ही चैन काय असते ते इतरांना समजणार नाही.

मग परवानग्या. टाकीत उपकरण टाकायचं तर पंचायतीला कळवावं, असं पहिल्या मजल्यावरच्या विपुलचं मत पडलं. विपुलला स्वतःचं काम सोडून सगळ्या कामांचे नियम पाठ आहेत. मी पंचायतीच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाबूने अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.

"हे पाणी मोजायचं यंत्र आहे की चोरी मोजायचं?"

"पाणी मोजून चोरी शोधायचं."

"मग दोन अर्ज लागतील. पाणीपुरवठा इकडे, चोरी पोलीस ठाण्यात. आणि चोरी झाल्याशिवाय तिकडे घेत नाहीत."

"ती झाली की नाही हे कळायलाच यंत्र लावतोय."

"मग अजून चोरी झालेली नाही," बाबू समाधानाने म्हणाला, "म्हणजे यंत्राची गरज नाही, असा शेरा मारतो." तीन खेटे घातल्यावर माझा अर्ज शेवटी 'टाकी स्वच्छता व सुशोभीकरण' या सदरात मंजूर झाला. माझ्या दीड कोटी पायऱ्या सरकारदरबारी सुशोभीकरण ठरल्या, हे मला फार लागलं. पण चोराच्या मागावर असताना मान-अपमान बघून चालत नाही.

हर्षलाने सेन्सर बसवून दिला आणि बजावलं की वायर जाळीच्या वेष्टनाची घ्या आणि मोटरच्या केबलपासून लांब ठेवा. मोहियुद्दीनभाईंच्या दुकानात दारावरच्या घंटीची वायर पडून होती. ती त्यांनी प्रेमाने दिली. ती कुठून खाली आणायची हा प्रश्नही आपोआप सुटला, कारण मालोजींच्या मोटरची केबल विहिरीपासून गच्चीपर्यंत चढवलेली होती आणि तिच्यावर क्लिपा तयार होत्या. त्याच क्लिपांत दुकानातल्या पोराने आमची वायर बसवली. खिळे वाचले. मोटरची केबल गच्चीपर्यंत कशाला नेली असेल, हा प्रश्न तपासनिसाला पडायला हवा होता. मला क्लिपांचा आनंद झाला.

यंत्र चालू झालं आणि माझ्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी, टाकीतलं पाणी लाल आकड्यांत दिसू लागलं. लिटर, आणि पुढे तीन दशांश. मी खुर्ची ओढून बसलो आणि मला घाम फुटला. आकडे नाचत होते. सात हजार चारशे बारा, मग चारशे नऊ, मग चारशे चौदा, मग चारशे दोन. माझ्या डोळ्यांदेखत कोणी बारा लिटर नेलं! क्षणात परत आणून ठेवलं! पुन्हा नेलं! एवढी निर्लज्ज चोरी मी पनवेल-अलिबाग मार्गावरसुद्धा पाहिली नव्हती.

मी कामाला लागलो. आकडा खाली गेला की नोंद करायची. वर आला की नाही. वर आलेल्याची नोंद कशाला? आलेलं पाणी हक्काचं, गेलेलं चोरीचं. संध्याकाळपर्यंत माझ्या हिशेबाने टाकीतून नऊ हजार लिटर चोरीला गेलं होतं आणि टाकी जवळजवळ भरलेली होती. यावरून चोर किती सराईत आहे ते माझ्या लक्षात आलं.

मी स्क्रीनचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू लागलो. तिथून इमारतीची झोप उडाली. चोवीस बिटांत प्रत्येकाला आपापला संशयित सापडला. विपुलला दिसलं की समोरचे आंघोळीला गेले की आठ लिटर जातं. समोरच्यांना दिसलं की विपुल गाडी धुवायचा नुसता विचार करतो तेव्हा अकरा जातं. तळमजल्यावरची पोरं रंगपंचमीच्या तयारीला लागल्याचा आरोप झाला, तेव्हा माघसुद्धा सुरू झाला नव्हता. एकदा कमरजहाँभाभींनी मिक्सर लावला आणि आकडा वीस लिटरने कोसळला. मी ताबडतोब वर जाऊन दार वाजवलं. भाभींच्या हातात मिक्सरचं भांडं होतं, त्यात खोबरं.

"चटणीत पाणी किती घातलंत?" मी विचारलं.

त्या दिवसापासून भाभी पाट्यावर वाटू लागल्या आणि मोहियुद्दीनभाई मला जिन्यात दिसले की मोबाइलकडे बघू लागले.

पण या सगळ्या किरकोळ चोऱ्या. खरा चोर पहाटेचा. रोज पहाटे मालोजींची मोटर घरघरली रे घरघरली की माझे आकडे पिसाळायचे. पन्नास लिटर खाली, चाळीस वर, साठ खाली. मोटर बंद, आकडे शांत. आणखी काय पुरावा हवा? मी समिधाला उठवून दाखवलं. ती पांघरुणातून म्हणाली, "अहो, आपला टीव्हीसुद्धा त्या वेळी खरखरतो." बायकांचं लक्ष कुठे जाईल ते सांगता येत नाही.

रविवारी सभा बोलावली. गच्चीवर घ्या, असं कोणी म्हणालं, पण मोहियुद्दीनभाईंच्या गुडघ्यांमुळे खाली पार्किंगमध्ये घेतली. मालोजी कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. मी आलेख दाखवले. पहाटेची खूण लाल रंगात केली होती. शेवटी म्हणालो, "मला नाव घ्यायचं नाही. पण एका सभासदाची मोटर रोज पहाटे सोसायटीच्या टाकीतलं पाणी खाली ओढते आणि वालाला देते."

सगळ्यांनी मालोजींकडे बघितलं. मालोजींनी माझ्याकडे बघितलं.

"वालाला?" ते म्हणाले. "सेक्रेटरी, तुमी कुठलं?"

"मूळचा सांगलीकडचा."

"तरीच. अवो, वालाला कोन पानी दाखवत नाय. भात कापला का वल असतीय जमनीत, त्यावर वाल येतो. वरनं दव पितो. पानी घातलं तर शेंग पानचट व्हतीय."

कोणी तरी हसलं. माझे कान तापले. गेली सहा वर्षं मी या तालुक्यात राहतो, दर थंडीत वालाची उसळ खातो, आणि तो पाण्यावाचून येतो हे मला भर सभेत चोराकडून कळावं! अशा वेळी माणसाने माघार घ्यायला हवी. पण सेक्रेटरीला माघारीचा गियर नसतो.

"वालाला नसेल. पण मोटर चालू झाली की आकडा हलतो, हे खोटं का?"

"नाय. ते खरं असंल." मालोजी उठले. गुडघ्यांवरची धूळ झटकली. "माज्या मोटरीनं तुमची मशीन हलतीय. बरं. बंद करतो." आणि ते आत गेले. त्यांनी दार लोटलं नाही, कडी लावली. आमच्याकडे तळमजल्याला दिवसा कोणी कडी लावत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चहा घेऊन यंत्रासमोर बसलो. मोटर नाही. घरघर नाही. आणि आकडे! असे सभ्य, असे संथ आकडे मी त्या यंत्रावर कधी पाहिले नव्हते. पाच हजार दोनशे. पाच हजार एकशे. पाच हजार. इमारत आंघोळी करत होती आणि टाकी एखाद्या सुशिक्षित माणसासारखी रांगेत उतरत होती. मी ग्रुपवर लिहिलं, 'चोरी थांबली. पुरावा आपल्यासमोर.' विपुलने अंगठा पाठवला. मला वाटलं, आपलं आयुष्य सार्थकी लागलं.

तिसऱ्या दिवशी नळाला वारा आला.

आधी मला वाटलं, मालोजी आता सूड म्हणून दिवसाउजेडी ओढतायत. पण मोटर बंद, पाइप कोरडा, आणि यंत्रावर आकडा शून्याच्या जरा वर, अगदी स्थिर, तीनही दशांशांसकट. पंचायतीचं पाणी संध्याकाळी यायचं तेवढं आलं होतं आणि सकाळी आठपर्यंत संपलं होतं. इमारतीत पहिल्यांदा टँकर आला. बाया जिन्यात कळशा घेऊन उभ्या राहिल्या आणि मी खाली उतरताना त्या बोलायच्या थांबायच्या. समिधा माझ्याशी बोलत होती, पण फक्त पाण्याबद्दल. "तुमच्या वाटणीची बादली तिकडे आहे," असं. मोहियुद्दीनभाईंच्या मुलीचं, तस्लीमचं, लग्न पुढच्या आठवड्यात होतं, त्यांच्याकडे मुंब्र्याहून पाहुणे उतरायचे होते. ते मला म्हणाले, "साईनाथभाई, सबूत भेटला. आता पाणी द्या." ते काही रागाने बोलले नाहीत, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

मी मालोजींच्या दारात गेलो. हेतू असा, की चोरी कबूल केली तर सोसायटी मोठ्या मनाने प्रकरण मिटवेल. त्यांनी माझं पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

"मी चोर हाय का नाय, त्ये सबेत नाय ठरायचं. गावदेवीला कौल लावू. रविवारी. तुमी या, तुमची सगळी मानसं आना. देवीनं चोर म्हनलं तर फ्लॅट इकून पोरीकडं कडावला जातो."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर तुमी देवीम्होरं सांगायचं, मालोजी चोर नाय. सगळ्यांदेखत."

ज्यांना कौल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवीच्या अंगाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दशांश नाहीत. पाचशे-सहाशेच्या मधलं काही नाही. आपल्यासारख्या चोवीस बिटांच्या माणसाने पाकळीपुढे उभं राहायचं! मी वैतागून हर्षलाकडे गेलो. तिच्या संगणकात यंत्राचे पहिल्या दिवसापासूनचे आकडे आपोआप जात होते.

"काका, कौलाला हसू नका. तुमच्या डबीच्या आत तेच चाललेलं असतं."

"काय?"

"तिला दीड कोटी पायऱ्या एकदम दिसत नाहीत. तिला एकच प्रश्न येतो. जास्त की कमी? हो की नाही? तो ती सेकंदाला हजारो वेळा विचारते. एका वेळेला चुकली तर जेवढी चूक उरली तेवढी पुढच्या प्रश्नात मिसळते. मग सगळ्या हो आणि नाहींची सरासरी काढते, आणि त्यातून तुमचा बारीक आकडा तयार होतो. एका उत्तरात काही दम नसतो. सगळी थरथर भराभर होणाऱ्या उड्यांत जाते, आणि सरासरी काढली की गाळली जाते. मात्र सरासरी काढताना वर आलेलंही धरायचं असतं, आणि खाली गेलेलंही. तुम्ही फक्त गेलेलं धरलंत."

तिने माझे आलेख पुन्हा काढले, पण सावकाश, खूप आकड्यांचा मिळून एक, वर-खाली दोन्ही धरून. नऊ हजार लिटरची चोरी बघता बघता विरली. मिक्सर विरला. विपुलची गाडी विरली. नाचणारी रेघ साडीच्या काठासारखी सरळ झाली.

"चोवीस बिटांतले तुमच्याकडे नऊ-दहाच खरे होते, काका. बाकीची सगळी घंटीच्या वायरीतली मोटर. पण हे बघा. सभेच्या आधीच्या पहाटा. सगळी इमारत आंघोळ करतेय, टाकी भराभर उतरायला हवी. उतरलीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जेवढं जात होतं, जवळजवळ तेवढंच कोणीतरी आत घालत होतं. आणि सभेनंतर बंद झालं."

मी पहिल्यांदा गच्चीवर गेलो. काळा पाइप भिंतीवरून चढून, टाकीच्या झाकणाशेजारच्या भोकातून, वरून आत उतरला होता. पाणी ओढणारा पाइप टाकीच्या बुडाशी असतो. हे मोहियुद्दीनभाईंच्या गुडघ्यांनासुद्धा कळलं असतं. मोटरची केबल तिथल्या एका फ्लोटपर्यंत आली होती, टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी म्हणून. आमचं पाणी वाहून जाऊ नये म्हणून ही म्हाताऱ्याची काळजी होती. त्याच क्लिपांत त्याला पकडायची माझी वायर होती. मी टाकीच्या कठड्यावर बसलो. मला लाज वाटली, आणि लाजेत संशय मिसळता येत नाही, हे मला नवीनच कळलं.

तरी स्वभाव बघा. रविवारी देवळाकडे जाताना माझ्या मनात हेच चाललं होतं, की पाकळी आपण होऊन योग्य बाजूने पडली तर परस्पर निकाल लागेल. मग मी पुटपुटल्यासारखं करून देवीपुढे ते वाक्य उरकून टाकीन. सेक्रेटरीपद राहील. निकाल देवीचा, मी आपला निमित्तमात्र.

गाव आणि सोसायटी मिळून देवळात मावत नव्हते. मोहियुद्दीनभाई बाहेर पारावर बसून आत बघत होते. नवनाथ गुरवांनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि डावी पाकळी लगेच थरथरली. गर्दीतून आवाज आला, "पंखा! अरं, पंखा चालू हाय!" गावच्या एका दात्याने दिलेला पंखा डोक्यावर फिरत होता. गुरवांनी पंखा बंद केला, पाकळ्या नव्याने लावल्या.

मग काहीच पडेना. माणसं घामाने भिजली. पाकळ्या जागच्या हलेनात. विपुल म्हणाला, दार उघडं ठेवलं तर नियमात बसेल का. मी मागे वळून हर्षलाकडे बघितलं, ती म्हणाली, "मघाशी नुसती थरथर होती, आता काहीच नाही." नवनाथ गुरव दर थोड्या वेळाने, "देवीला वेळ द्या," म्हणत होते. मालोजी हात जोडून उभे होते. त्यांचे हात म्हातारे होते, ते कापत होते, आणि ते लपवायला त्यांनी एकमेकांत घट्ट धरले होते. मला ते दिसलं. आयुष्यभर लोकांचे हात खिशाकडे जाताना बघितले, ही नजर तरी माझी चांगली आहे.

शेवटी मालोजी माझ्याकडे वळले.

"ऱ्हाऊ द्या देवीला. तिला किती तरास द्यायचा. सेक्रेटरी, तुमीच सांगा. मी पानी चोरलं का नाय?"

त्यांना एकच हवं होतं, हो किंवा नाही. माझ्या तोंडाशी बरंच काही आलं. वायरीची चूक होती, पंचायतीने अर्ज भलत्याच सदरात घातला, घंटीची वायर खजिनदारांनी दिली. त्यातलं काहीही 'हो'मध्ये बसत नव्हतं आणि 'नाही'मध्येही.

"नाही," मी म्हणालो. आवाज बारीक निघाला म्हणून पुन्हा, पारापर्यंत जाईल असा म्हणालो. "मालोजी चोर नाहीत. आपल्या टाकीत पाणी तेच भरत होते. त्यांच्या विहिरीचं."

पारावरून मोहियुद्दीनभाई गुडघे विसरून उभे राहिले. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मालोजींनी कपाळाचा घाम पुसला. आपलं हे गुपित बाहेर आल्याचं त्यांना बरं वाटलं नसावं.

"सांगितलं का नाही कधी?" समिधाने मागून विचारलं.

"काय सांगायचं त्यात? पंचायतीचं पुरत नाय, त्ये पयल्याच साली दिसलं. टाकी माज्याच शेतात उभी हाय. आन् सांगितलं असतं तर ह्यांनी मीटर लावला असता."

लोक हसले. मीही हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. डोळ्यांत पाणी आलं आणि ते कोणीही मोजू नये म्हणून मी खाली बघितलं.

मालोजींनी चपला घातल्या. पायरीवर थांबून विचारलं, "मशीननं किती सांगितलं? किती दिलं मी?"

हर्षलाने काढलेला आकडा मला पाठ होता. तीन दशांशांसकट. गेल्या पाच वर्षांचाही अंदाज आम्ही केला होता.

"पुष्कळ," मी म्हणालो.

"हां," मालोजी म्हणाले. "तेवडंच देत व्हतो."

आणि मोटर लावायला ते घराकडे चालू लागले.